नागपूरच्या अंगणात कडुनिंब वाढवताना

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपुरात अंगणात सावलीसाठी एकच झाड लावता येणार असेल, तर ते कडुनिंबाचे असावे, असे माझे ठाम मत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर जुनी पाने गाळून तांबूस पालवी घेणारे हे झाड ऊन सर्वांत कडक असते तेव्हा गच्च भरलेले असते.

सुरुवात ताज्या बियांपासून करावी. जून-जुलैत झाडाखाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या त्याच दिवशी बोटांनी दाबल्या, की चिकट गरातून फिकट बी सुळकन बाहेर येते. ती धुऊन एक-दोन दिवस सावलीत सुकवावी आणि आठवडाभरात पेरावी, कारण तिची उगवणशक्ती काही आठवड्यांतच संपते. शंका आल्यास एखादी बी कापून पाहावी. आतून हिरवी असेल तर ती जिवंत समजावी, तपकिरी झाली असेल तर तो सगळा साठा टाकून द्यावा. पेरणी बोटाच्या एका पेरापेक्षा खोल नको. शक्यतो बी कायमच्या जागीच लावावी, कारण पिशवीत फार काळ राहिल्यास सोटमूळ तळाशी गुंडाळले जाते.

जागा घराच्या भिंतीपासून पाच-सहा मीटर दूर असावी. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते, आणि कडुनिंबाला कोरडेपणा सोसतो, पण मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. म्हणून साधारण दोन फुटांच्या खड्ड्यात मातीसोबत मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून जागा थोडी उंच ठेवावी.

पहिले दोन उन्हाळे मात्र खरी काळजी घ्यावी लागते. रोज तांब्याभर पाणी घातले, तर मुळे वरच्या वर राहतात आणि झाड कायमचे पाण्याची वाट पाहत बसते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा दोन-तीन बादल्या पाणी सावकाश मुरू द्यावे, झाड वाढेल तसे आळे रुंद करावे आणि त्यावर सोयाबीनचे कुटार पसरावे. ते खोडाला टेकू देऊ नये, नाहीतर वाळवी लागते. तिसऱ्या उन्हाळ्यापासून पाणी हळूहळू कमी करावे.

खालच्या फांद्या घाईने छाटू नयेत, कारण त्यांच्यामुळे खोड जाड होते. पाडव्याला डहाळी हवी असल्यास ती याच फांद्यांची घ्यावी आणि शेंड्याला हात लावू नये.