सांगलीत घरच्या घरी इटालियन सॉसेज
पोर्क खांद्याचंच घ्या, किलोत पावभर तरी चरबी हवी, नाहीतर सॉसेज कोरडं पडतं. किलोला 18 ग्रॅम मीठ, लसूण, मिरी आणि बडीशेप जराशी भाजून भरड कुटलेली. इटलीच्या दक्षिणेत सिसिलीकडे बडीशेप हवीच, कालाब्रियात लाल मिरची दणकून घालतात (आपली ब्याडगी मस्त चालते), तिथलं एनदुया नावाचं सॉसेज तर एवढं मऊ की ब्रेडला फासून खातात, उत्तरेची लुगानेगा सॉसेज मात्र सौम्य, बारीक, लांबच लांब वेटोळं. आपल्या उन्हाळ्यात खिमा फ्रीजमधून थंडगारच काढा आणि चांगला मळा, तळहात उलटा केला तरी गोळा पडला नाही की झालं. खिमा भरायला आतडं मिळालं नाही तर टिक्क्या थापा, मंद आचेवर आतपर्यंत नीट शिजवा.