एटीएमची वाट दाखवणारे बीकन: लावण्याआधीची तयारी

बीकनचं, म्हणजे ब्लूटूथवरून खूण देणाऱ्या छोट्या यंत्राचं, खोकं फोडण्याआधी यादीतल्या प्रत्येक एटीएमवर स्वतः जाऊन या, आणि जायचं ते भर दुपारी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या आसपास असतो. त्या उन्हात स्टँडवरून पायी आलेल्या माणसाला आपल्या बँकेचं ॲप फोनवर सांगणार की एटीएम इथेच, डावीकडे आहे. पण एटीएम कुठे आहे हे त्याला बहुतेक वेळा माहीतच असतं. 'मशीनमा पैसा शेतस का?' (मशीनमध्ये पैसे आहेत का?) असं टपरीवाल्याला विचारूनच लोक पुढे जातात. या प्रश्नाचं उत्तर ॲपकडे नसेल तर बीकन लावूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पहिली तयारी स्विचकडून, म्हणजे एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेकडून, येणाऱ्या माहितीची. कॅसेटमध्ये (मशीनमधल्या नोटांच्या पेटीत) कॅश आहे का, नोटा बाहेर येतायत का, मशीनचं नेटवर्क चालू आहे का, हे बँकेच्या यंत्रणेला कळत असतं. ऑक्टोबर २०२१पासून तर एखादं एटीएम महिन्यात एकूण १० तासांपेक्षा जास्त कॅशविना राहिलं, तर प्रत्येक एटीएममागे १०,००० रुपये दंडाची तरतूद रिझर्व्ह बँकेने केली, त्यामुळे हा हिशेब ठेवावाच लागतो. तीच माहिती ॲपवर किती मिनिटांत पोचेल, ते आयटी विभागाकडून लेखी घ्या. नोटा कोणत्या आहेत तेही त्यात हवं. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी वाटायला निघालेल्या शेतकऱ्याला नुसत्या ५००च्या नोटा मिळाल्या तर सुट्ट्यांसाठी दुकानं पालथी घालावी लागतात. एप्रिल २०२५मध्ये रिझर्व्ह बँकेने एटीएममधून १०० किंवा २००च्या नोटा मिळाव्यात म्हणून टप्पे ठरवून दिले: ३० सप्टेंबर २०२५पर्यंत ७५ टक्के आणि ३१ मार्च २०२६पर्यंत ९० टक्के एटीएममध्ये किमान एका कॅसेटमधून या नोटा निघाल्या पाहिजेत. तुमच्या कोणत्या मशीनमधून त्या निघतात, ही ओळ ॲपमध्ये दिसू द्या. माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगाची ओळ तीच.

आता बीकन. बीकन ब्लूटूथवरून फक्त स्वतःचा नंबर ओरडत राहतो, स्टॉपचं नाव पुकारणाऱ्या कंडक्टरसारखा. समोर कोण आहे हे त्याला कळत नाही. नंबर ऐकून पुढचं सगळं फोनमधलं ॲप करतं. ॲपलच्या आयबीकन पद्धतीत त्या नंबराचे तीन भाग असतात. पहिला पूर्ण बँकेसाठी एकच ठेवा, मधला तालुक्याला द्या आणि शेवटचा मशीनला. आयफोनवर एका ॲपला एका वेळी २० क्षेत्रांवरच (म्हणजे बीकनच्या गटांवरच) पाळत ठेवता येते, म्हणून प्रत्येक मशीनला वेगळा पहिला भाग दिलात तर अर्ध्या जिल्ह्यातच अडकाल. गावातून बाजारपेठेपर्यंत आणायला जीपीएस पुरतो. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या मजल्यामजल्यांच्या इमारतीत तो चाचपडतो, तिथे शेवटच्या वीस-तीस मीटरचं काम बीकनचं.

जागा निवडताना घाई नको. मशीनच्या पत्र्यावर किंवा लोखंडी शटरच्या पेटीवर बीकन चिकटवू नका, धातूने सिग्नल बिघडतो. छताजवळ, भिंतीवर, हात पोचणार नाही अशा उंचीवर लावा. पश्चिमेकडच्या काचेमागे तर नकोच. तिथली दुपार बटण सेलला मानवत नाही. मग एक मीटरवर उभं राहून सिग्नलची ताकद मोजा आणि तो आकडा बीकनमध्ये नोंदवा, कारण फोन अंतराचा अंदाज त्यावरूनच बांधतो. एवढं झालं की साधा, स्वस्तातला अँड्रॉइड फोन घेऊन दारापर्यंत चाला. एकदा फोन हातात, एकदा बंडीच्या आतल्या खिशात, एकदा पिशवीच्या तळाशी. मग शटर अर्धं ओढून पुन्हा. आकडे इतके हलतात की 'मशीन सात मीटरवर' असा संदेश लिहायची हिंमतच होत नाही. 'जवळ आहे' एवढंच लिहा आणि पुढे खूण द्या: मेडिकलच्या शेजारी, दोन पायऱ्या चढून. पायऱ्या आहेत की रॅम्प, हे जरूर लिहा. काठी टेकत येणाऱ्या पेन्शनर मावशींना ते आधी कळायला हवं.

सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत पुन्हा तपासणी करा. माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं, रिकाम्या रस्त्यावर दूरवर ऐकू येणारा बीकन खांद्याला खांदा लागला की दबतो. यात्रेच्या आणि आठवडे बाजाराच्या दिवशी कॅश भरणाऱ्या गाडीची वेळही आधी ठरवून घ्या. सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे वेगळीच अडचण: बीकन ऐकायला इंटरनेट लागत नाही, पण कॅशची ताजी स्थिती कळायला लागतं. रेंज नसेल तिथे ॲपने 'सकाळी १० वाजताची माहिती' असं वेळेसकट सांगावं, जुनी माहिती ताजी म्हणून दाखवू नये.

फोनच्या परवानग्यांसाठी शाखेत एक माणूस नेमा. अँड्रॉइड १२च्या आधीच्या फोनवर ब्लूटूथ शोधायला लोकेशनची परवानगी लागते, १२ आणि नंतरच्या फोनवर जवळच्या उपकरणांची, आणि बीकनवरून जागा ओळखायची तर लोकेशनचीही. बॅटरी वाचवणारी सेटिंग ॲपला मागे झोपवते, तीही बघावी लागते. परवानगी कशासाठी, हे साध्या मराठीत सांगा, आणि कोण कुठल्या मशीनजवळून गेलं याची नोंद साठवू नका. वाट दाखवायला तिची गरज नाही.

सुरक्षिततेत तडजोड नाही. बीकनचा नंबर कुणीही ऐकून त्याची नक्कल करू शकतो. म्हणून संदेशात लिंक नको, पिन किंवा ओटीपीचा उल्लेख नको, आणि बीकनच्या भरवशावर कोणताही व्यवहार सुरू होता कामा नये. जमत असेल तर ठरावीक वेळाने नंबर बदलणारे बीकन घ्या. कर्जाच्या जाहिरातीही या वाटेने पाठवू नका. दोनदा जाहिरात आली की लोक नोटिफिकेशन कायमचं बंद करतात, आणि ते बरोबरच करतात.

साधा बटणांचा फोन वापरणाऱ्यांसाठी कोपऱ्यावर बाणाची पाटी आणि बंद मशीनवर 'जवळचं चालू एटीएम' लिहिलेला फळा हवाच. ही पाटी बीकनच्याच बजेटमधून करा, वेगळ्या मंजुरीची वाट बघत बसू नका. शेवटी प्रत्येक बीकनचा सेल कधी बदलला याची वही शाखेत ठेवा. मशीन दुसऱ्या गाळ्यात हललं तर त्याच दिवशी बीकन उतरवून ॲपमधली नोंद बदलायची जबाबदारी कोणाची, ते नावानिशी त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा.