रानात शोधायला निघण्याआधी : खडे, जुन्या वस्तू आणि रानमेवा

हे तिन्ही छंद एकाच दिवशी सुरू करू नयेत. क्रम लावायचा तर चूक कितीला पडते हे बघून लावावा. खडा ओळखण्यात चूक झाली तर तो फेकून देता येतो. जुनं नाणं चुकीच्या पद्धतीने घासलं तर त्याचं मोल जातं. अळंबी ओळखण्यात चूक झाली तर जिवावर बेततं. म्हणून आधी खडे, मग जुन्या वस्तू आणि रानमेवा सगळ्यात शेवटी.

खड्यांसाठी नदीचं किंवा ओढ्याचं पात्र बरं. तिथे निम्मं काम पाण्याने आधीच केलेलं असतं. भेगाळलेले, ठिसूळ दगड वाटेत फुटून जातात, टणक तेवढे उरतात. प्रवाहाचा वेग जिथे एकदम पडतो, तिथे जड खडे खाली बसतात. वळणाची आतली बाजू, मोठ्या धोंड्यामागची प्रवाहाच्या दिशेची जागा आणि पात्रातल्या कातळाच्या भेगा आधी बघाव्यात. वरची बारीक वाळू उपसण्यात दम घालवू नये. माल असतो तो कातळाला टेकलेल्या जाड खडीच्या थरात. पूर ओसरल्यावर नवी खडी उघडी पडते, तेव्हा जागा पुन्हा बघण्यासारखी असते. मात्र वरच्या अंगाला पाऊस चालू असेल तर पात्रात उतरूच नये. जमीनमालकाची परवानगी आधी आणि शक्यतो लेखी घ्यावी. संरक्षित क्षेत्रातून काही उचलू नये.

सामान थोडंच लागतं : 12 मिमी आणि 3 मिमी जाळीच्या दोन चाळण्या, घमेलं, गोणपाट, दहापट मोठं दाखवणारं भिंग, पोलादी चाकू आणि पाण्याची फवारणी बाटली. हातोडा वापरणार असाल तर डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण गारेचा, म्हणजे क्वार्ट्झचा, कपचा काचेइतकाच धारदार असतो.

मोठ्या जाळीची चाळण वर, बारीक जाळीची खाली ठेवून खडी धुवावी. वरचा माल हाताने निवडून टाकून द्यावा. खरं काम खालच्या चाळणीत. ती एक तृतीयांशच भरावी आणि पाण्यात बुडवून आडवी गोल फिरवत मधूनमधून वरखाली छोटे झटके द्यावेत. सुपात धान्य पाखडताना हलकं वर येतं तसंच इथेही होतं आणि जड खडे तळाशी मध्यभागी गोळा होतात. मिनिटभराने चाळण एकाच झटक्यात गोणपाटावर पालथी घालावी. तळ वर येतो आणि मधोमध गडद खड्यांचा ठिपका दिसतो. तो दिसत नसेल तर बहुतेक वेळा चाळण जास्त भरलेली असते, मातीची ढेकळं फोडायची राहिलेली असतात किंवा पालथी घालताना हात अडखळलेला असतो.

ही युक्ती कशावर चालते ते समजून घ्यायला हवं. गारेचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाण्याच्या तुलनेतला जडपणा, 2.65 असतं. गार्नेटचं साधारण 3.5 ते 4.3, पुष्कराजाचं 3.5, माणिक आणि नीलम यांचं 4 आणि झिरकॉनचं त्याहून जास्त. हे खडे चाळणीत वेगळे होतात. अकीक मात्र गारेच्याच घराण्यातला, वजनाने आसपासच्या गोट्यांसारखाच. त्यामुळे चाळणीत तो कधीच वेगळा होत नाही, नजरेनेच टिपावा लागतो. त्यासाठी सकाळी किंवा संध्याकाळी, सूर्य खाली असताना, सूर्याकडे तोंड करून चालावं. उजेड आरपार गेला की कडा उजळलेला गोटा दुरूनही दिसतो. कोरडा अकीक अगदीच सामान्य वाटतो, म्हणून शंका आली की फवारणीने ओला करून बघावा.

ओळख पटवताना रंगावर विसंबणं ही सगळ्यात महागाची सवय. आधी काठिण्य बघावं. 1 ते 10 च्या मोह्स मापावर चाकूचं काठिण्य साडेपाचच्या आसपास, गारेचं 7, पुष्कराजाचं 8, माणकाचं 9. चाकूने चरा पडला तर तो दगड गार नाही. चरा उमटलेला वाटला तर ओल्या बोटाने पुसून बघावा, कारण कठीण दगडावर चाकूचंच लोखंड घासलं जाऊन खोटी रेघ उठते. ही परीक्षा खड्याच्या चांगल्या बाजूवर करू नये. भिंगातून आत गोल बुडबुडे दिसले तर ती बहुधा काच. नदीने घासलेले बाटल्यांचे तुकडे भल्याभल्यांना फसवतात. सोनेरी चमकणारा कण झिलई नसलेल्या चिनी मातीच्या फरशीवर ओढावा. सोन्याची रेघ पिवळीच येते, सोन्यासारख्या दिसणाऱ्या पायराइट खनिजाची हिरवट काळी.

सापडलेला खडा घरी पोचण्याआधीच जागा आणि तारीख लिहून वेगळ्या पिशवीत घालावा. जागेची नोंद नसलेल्या नमुन्याला संग्राहक फारसे विचारत नाहीत. धुवायला पाणी आणि मऊ ब्रश पुरे. कॅल्साइटला आम्ल लावलं की तो विरघळायला लागतो, हे विसरू नये.

जुन्या वस्तूंसाठी मेटल डिटेक्टर घेतला तर त्याचं चक्र जमिनीला समांतर ठेवून प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवावी. लोखंड आणि पत्रा गाळण्याची सोय नवशिके पूर्ण चालू ठेवतात, पण त्यात बारीक सोन्याच्या अंगठ्याही गाळल्या जातात, कारण त्यांचा संकेत ॲल्युमिनियमच्या फॉइलसारखाच येतो. खड्डा गवतासकट तीन बाजूंनी कापून झाकणासारखा उघडावा आणि नंतर तसाच मिटवावा. नाणं तिथल्या तिथे बोटाने चोळू नये, चिकटलेली वाळू त्यावर ओरखडे काढते. बाटली मिळाली तर तिच्या बाजूची साच्याची शिवण बघावी. ती ओठापर्यंत गेली असेल तर बाटली बहुधा यंत्राची, म्हणजे 1903 साली ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र आलं त्यानंतरची. मानेतच विरली असेल तर ओठ हाताने घडवलेला असण्याची शक्यता मोठी. गंजलेला तोफगोळा किंवा काडतूस दिसलं तर हात न लावता पोलिसांना कळवावं.

रानमेव्यात पहिलं वर्षभर एखाद-दुसरीच वनस्पती शिकावी आणि तीही पान, फूल, फळ अशा सगळ्या अवस्थांत. गाजराच्या कुळातल्या पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांच्या वनस्पती आणि अळंबी पुस्तकातलं चित्र बघून कधीच तोडू नयेत. चांदीचा चमचा काळा पडला की अळंबी विषारी, किडे खातात ती चालते, शिजवलं की विष जातं, या तिन्ही समजुती खोट्या आहेत. डेथ कॅप अळंबीचं विष शिजवून नष्ट होत नाही. जाणकाराने हातात घेऊन ओळख पटवलेली नवी गोष्टसुद्धा पहिल्यांदा थोडीच आणि शिजवून खावी, आणि एक कच्चा नमुना फ्रिजमध्ये वेगळा ठेवावा. डेथ कॅपची लक्षणं बहुधा सहा तासांनंतरच सुरू होतात. तो नमुना घेऊन लगेच रुग्णालय गाठावं. उलट्या-जुलाब थांबून बरं वाटायला लागलं तरी तिथून उठून येऊ नये, कारण यकृताचा बिघाड त्यानंतरच उघड होतो.