वर्षानुवर्षं ट्रामाडोल चालू असेल, तर पुरुषाने तपासणी कशी करून घ्यावी

कंबर गेली म्हणून ट्रामाडोल किंवा टॅपेंटाडोल ही अफूच्या वर्गातली (ओपिऑइड) वेदनाशामक गोळी सुरू होते आणि वर्ष उलटलं तरी चालूच राहते. मग इच्छा मरते, ताठरता येत नाही, एकदम घाम फुटतो, थकवा जात नाही, बायकोला दिवस राहत नाहीत. वाशीत वेदना-उपचार विभागात परिचारिका म्हणून काम करताना माथाडी दादांकडून हे मी कित्येकदा ऐकलंय. बहुतेकांना आधी कुणीतरी ‘वय झालं’ किंवा ‘टेन्शन’ असं सांगितलेलं असतं. छत्तिसाव्या वर्षी कसलं वय?

ही औषधं मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे हार्मोन्सवर ताबा ठेवणाऱ्या भागाला, दाबतात. तिथून मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला जाणारा इशारा मंदावतो, वृषणांना चालवणारे तिचे एलएच आणि एफएसएच हे हार्मोन उतरतात, वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं. याच वर्गातल्या मॉर्फिन आणि फेंटॅनिल पॅचनेही हेच होतं. ब्युप्रेनॉर्फिनने त्या मानाने कमी होतं. म्हणून शिलाजीत, अश्वगंधा यांवर पैसे घालवू नका, मूळ कारण गोळीत आहे.

गोळी कधी सुरू झाली, दिवसाला किती, आणखी काय चालू आहे, ते कागदावर लिहा. कोडीनचं खोकल्याचं औषधही धरा, तेही याच वर्गातलं.

गोळ्या एकदम बंद करू नका. ‘सोडून दे रे’ म्हणणाऱ्याला पुढच्या चार रात्री जागायच्या नसतात. जुलाब, घाम, अंगदुखी, झोप उडणं हे सगळं पेशंटलाच भोगावं लागतं.

आता रक्ततपासणी. सगळा घोळ इथे होतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून सॅम्पल सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचं. दुपारी चारला लॅबवाला घरी येतोय म्हणून तेव्हा दिलेलं सॅम्पल धरू नका. एकाच रिपोर्टवर निदानही करू नका. वेगळ्या दिवशी पुन्हा तपासा. ताप किंवा मोठं आजारपण चालू असेल तर थांबा. सोबत एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक हार्मोन) करून घ्या. टेस्टोस्टेरॉन कमी असूनही एलएच वाढलेलं नसेल, तर दोष वरून, मेंदूकडून येतोय असं समजतं.

रात्रपाळीवाल्यांचं वेगळं आहे. भाजी मार्केटमधल्या एका दादांना मी नियमाप्रमाणे सकाळी आठला बोलावलं. रात्रभर गोणी उचलून, एक मिनिटही न झोपता ते आले. झोप नसल्याने असेल, टेस्टोस्टेरॉनचा आकडा खाली आला. तो एकच कागद घेऊन त्यांनी बाहेर टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. घरी मुलासाठी प्रयत्न चालू होते. काही महिन्यांनी वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की मेंदू वृषणांना इशाराच देत नाही आणि शुक्राणू बनणं थांबतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. आठची वेळ मी दिली होती, आणि ती आजही सलते. इंजेक्शनं थांबवल्यावर शुक्राणू परतायला कित्येक महिने गेले, आणि मूळ आकडा काय होता हे कळायची सोयच उरली नव्हती. आता रात्रपाळीच्या माणसाला मी त्याच्या झोपेनंतर, उठल्यापासून दोन-तीन तासांत बोलावते, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत.

वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. सॅम्पल अंगाच्या उबेत ठेवून तासाभरात पोचवा. ठाणे-बेलापूर रोडचा ट्रॅफिक बघता लॅबमध्येच दिलेलं बरं.

रिपोर्ट घेऊन वेदनेच्या डॉक्टरांकडे आणि एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) जा. पहिलं वाक्य हेच बोला: ‘आम्हाला मूल हवंय’ किंवा ‘नको आहे’. उपचार त्यावर ठरतात. मूल हवं असेल तर टेस्टोस्टेरॉन घेऊ नका, क्लोमिफीन किंवा एचसीजी या वृषणांना स्वतः काम करायला लावणाऱ्या औषधांबद्दल विचारा. गोळीचा डोस हळूहळू उतरवता येईल का, ब्युप्रेनॉर्फिनवर बदलता येईल का, हेही विचारा. लाज वाटत असेल तर हे प्रश्न लिहून न्या आणि कागद पुढे करा. बायकोलाही सोबत आत घ्या, बाहेर बसवू नका.

डोस बदलला की पंधरा दिवसांत पुन्हा वीर्यतपासणी करू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात. तीन महिन्यांनंतरची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.