नव्या घरात सुऱ्या घेताना घाई करू नका

नवीन देशात आल्यावर पहिल्या महिन्यात आपण सगळं सामान धडाधड घेत सुटतो, गादी, भांडी, बादल्या, आणि त्याच फेरीत लाकडी ठोकळ्यात खोचलेला पंधरा नगांचा सुऱ्यांचा सेट पण उचलतो, एकदाचं काय ते होऊन जाऊदे म्हणून. मी पण तसाच घेतला होता. त्यात सहा तर टेबलावर घ्यायच्या स्टेक नाइफ, एक कात्री, धारेसाठी वापरायची एक सळई, आणि रोज हातात यायची ती मोठी सुरी नेमकी सगळ्यात सुमार. दीड वर्षात तिची धार गेली, मूठ हलायला लागली, आणि एक दिवस गाजर कापताना जोर लावला तशी ती सटकली आणि अंगठ्यात घुसली, तीन टाके पडले. धारदार सुरीची भीती वाटते सगळ्यांना पण बोथट सुरीच जास्त लागते, कारण तिला जोर द्यावा लागतो आणि जोर दिला की ती कुठे जाईल सांगता येत नाही.

म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगतो, सेट नको, एकच चांगली शेफ नाइफ, म्हणजे रोजच्या कापाकापीची मोठी सुरी घ्या, साधारण २० सेंमी पात्याची. मग सोलायला आणि बारीक कामाला ८ ते १० सेंमीची छोटी पेअरिंग नाइफ आणि दातेरी ब्रेड नाइफ. या तीनवर घर चालतं. सेटच हवा असेल तर तीन नगांचा बघा, आणि बाकीचे पैसे मोठ्या सुरीत घाला.

दुकानात सुऱ्यांवर फोर्ज्ड असं लिहिलेलं दिसेल. आता फोर्ज्ड म्हणजे काय, तर पोलादाचा तुकडा लालभडक तापवून, ठोकून घडवलेलं पातं. दुसरा प्रकार स्टॅम्प्ड, म्हणजे पत्र्यातून सरळ आकार कापून काढलेला. फोर्ज्ड सुरीला वजन असतं, पातं आणि मूठ जिथे भेटतात तिथे बहुतेक वेळा बोल्स्टर म्हणजे जाड कडं असतं. हातात घेऊन वरून पाठ बघा, मुठीपाशी जाड आणि टोकाकडे बारीक होत गेलेली दिसली तर काम नीट झालंय. मूठ आडवी धरून बघा, पोलादाची पट्टी शेवटपर्यंत गेलेली दिसते का, त्याला फुल टँग म्हणतात. लाकूड किंवा प्लास्टिक आणि पोलाद यांच्या सांध्यावरून नख फिरवा, नख अडकलं तर ती फट आहे, तिथे पाणी मुरणार, माझी मूठ तिथूनच हलली होती.

पण नुसतं फोर्ज्ड लिहिलंय म्हणून भाळू नका. पोलाद कुठलं आणि त्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कडक कसं केलंय, यावर सगळं आहे, चांगल्या पोलादाची स्टॅम्प्ड सुरी सुमार फोर्ज्डपेक्षा केव्हाही बरी. जर्मन सुऱ्यांवर बऱ्याचदा एक्स५०सीआरएमओव्ही१५ असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि १५ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, गंजत नाही सहसा आणि धार लावायला सोपं. यांचा कडकपणा रॉकवेल मापावर ५६ ते ५८ च्या आसपास. जपानी सुऱ्या ६० च्या वर जातात, धार बारीक आणि जास्त टिकते, पण पोलाद ठिसूळ, गोठलेल्या वस्तूवर किंवा हाडावर मारली की टवका उडालाच. पहिली सुरी असेल आणि घरात चार जण ती वापरणार असतील तर जर्मन पद्धतीचीच घ्या.

नावांचा गोंधळ पण होतो. सोलिंगेन हे सुऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं जर्मन शहर, ते नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, त्या भागात तयार झालेल्या मालावरच टाकता येतं, त्यामुळे पात्यावर तो शब्द असला तर त्याला अर्थ आहे. नुसतं ‘जर्मन स्टील’ लिहिलेलं असेल तर सुरी कुठेही बनलेली असू शकते. त्स्विलिंग या जर्मन कंपनीच्या सुरीवर दोन माणसांचं चिन्ह असतं, नुसत्या हेन्केल्स नावाच्या सुरीवर एकाच माणसाचं, ती त्यांचीच स्वस्त मालिका, घाईत एकाच्या जागी दुसरी घेऊन येतात लोक.

बोल्स्टर टाचेपर्यंत, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत, खाली आलेला असेल तर मी ती सुरी घेत नाही. धार लावताना ते जाड कडं दगडावर अडतं, पातं झिजत जातं आणि कडं तसंच राहतं, मग काही वर्षांनी सुरी फळीवर पूर्ण टेकतच नाही, टाचेपाशी फट राहते आणि अर्धवट कापलेले तुकडे एकमेकांना चिकटून येतात. अर्धा बोल्स्टर असलेली बघा.

घेतल्यावर डिशवॉशरमध्ये टाकू नका प्लीज, उष्णता आणि तीव्र साबण मुठीची वाट लावतात आणि भांड्यांवर आपटून धार जाते ती वेगळीच. हाताने धुवा, लगेच पुसा. काचेच्या फळीवर कापू नका, लाकूड किंवा प्लास्टिक चालेल. सळई धार लावत नाही, वळलेली धार सरळ करते, खरी धार दगडावरच लागते, १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या खरखरीतपणाचं माप) एक दगड घरात पुरतो. आणि सुट्टीत घरी जाताना कुणासाठी सुरी घेतलीत तर ती चेक-इन बॅगेत, पात्याला जाड पुठ्ठा गुंडाळून, केबिन बॅगेत ठेवलीत तर सिक्युरिटीलाच काढून घेतील.