डिस्क १००%, वेग मात्र ३५ एमबी!

धरमपेठेत माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे २०० जीबी फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर टाकत होतो. टास्क मॅनेजरमध्ये (विंडोजमध्ये संगणकाचा कोणता भाग किती कामात आहे ते दाखवणारी खिडकी) डिस्क १००%, वेग मात्र सेकंदाला ३५ एमबी. वाटलं, डिस्क गेली! जीव घाबरला, दुसऱ्याच्या लग्नाच्या आठवणी होत्या त्या.

मग समजलं, १००% म्हणजे डिस्क सतत कामात आहे एवढंच; तो वेग नव्हे. अडचण पोर्टची, म्हणजे केबल जिथे लावतो त्या खाचेची होती. ते जुन्या यूएसबी २.० चं होतं; त्याची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे आठाने भागून (आठ बिटांचा एक बाइट) ६० मेगाबाइट (एमबी), प्रत्यक्षात त्याहूनही कमी. केबल मागच्या निळ्या ३.० पोर्टात लावली, वेग ११० वर गेला.

बारक्या थंबनेल (फोटोंच्या छोट्या प्रती) फायलींना मात्र वेग पुन्हा २-३ वर येतो. फिरत्या डिस्कचं हेड (वाचणारा-लिहिणारा भाग) दर फाइलला जागा शोधत फिरतं ना. त्या आता झिप करूनच, म्हणजे सगळ्यांची एकच फाइल बांधूनच पाठवतो.