सोन्याचा कॅटॅलिस्ट वापरून अल्काइनचा कीटोन: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अल्काइनला (दोन कार्बनमध्ये तिहेरी बंध असलेला रेणू) पाणी जोडून कीटोन (दोन कार्बनच्या मध्ये C=O असलेला रेणू) करायचा तर जुन्या पुस्तकांत पाऱ्याचा क्षार आणि सल्फ्युरिक अ‍ॅसिड, म्हणजे कुचेरोव्हची १८८१ची पद्धत. १९९८ला बीएएसएफच्या टेलेस आणि मंडळींनी दाखवलं की फॉस्फिन (फॉस्फरसचा रेणू) लावलेलं कॅटायनिक (धनभारित) सोनं अल्काइनला अल्कोहोल जोडायला भन्नाट चालतं, पाण्यालाही तेच लागू होतं, त्यामुळे आता पाऱ्याला हात लावायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला फिनाइलअ‍ॅसिटिलीन घ्या, १ मिलीमोल म्हणजे साधारण ११० मायक्रोलिटर, त्यात २ मिली मिथेनॉल आणि ५४ मायक्रोलिटर पाणी. कॅटॅलिस्ट अल्काइनच्या २ मोल टक्के, म्हणजे ट्रायफिनाइलफॉस्फिन गोल्ड क्लोराइड ९.९ मिलीग्रॅम आणि सिल्व्हर ट्रायफ्लिमाइड ७.८ मिलीग्रॅम. हा सिल्व्हरचा क्षार हवेतलं पाणी ओढतो, वजन पटकन करा.

आता खरी मेख इथे आहे. सोन्याला क्लोराइड चिकटलेलं असेपर्यंत ते काहीच करत नाही, ते काढायला सिल्व्हर लागतं. सोन्याचं क्लोराइड वेगळं थोड्याशा डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवा, सिल्व्हरचा क्षार टाका, लगेच दुधासारखं पांढरं होतं, ते सिल्व्हर क्लोराइड. ते सेलाइटमधून (गाळायची बारीक पावडर) गाळूनच घ्या, आणि फ्लास्कला फॉइल गुंडाळा. मी पहिल्यांदा गाळलंच नाही, ट्यूबलाइटखाली तासाभरात ते जांभळट झालं, मला वाटलं सोनंच मेलं आणि चांगली चाललेली रिअ‍ॅक्शन फेकून दिली. सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडतंच. सोनं खरंच मेलं तर काचेच्या आतून पिवळसर आरसा चढतो किंवा बारीक काळे कण तरंगतात, हा फरक नीट बघून ठेवा.

गाळलेलं द्रावण अल्काइनमध्ये टाका, खोलीच्या तापमानाला ढवळत ठेवा, दोन-तीन तासांत टीएलसीवर (रिअ‍ॅक्शन कुठवर आली ते ठिपक्यांवरून दाखवणारी पट्टी) काही बदल दिसला नाही तर ५० डिग्री सेल्सिअसला तापवा. सोनं तिहेरी बंधाला धरतं, पाणी आतल्या कार्बनवर येतं, इनॉल होऊन कीटोन, म्हणून अ‍ॅसिटोफिनोन मिळतं, अल्डिहाइड नाही. टीएलसीवर डीएनपी (कीटोन ओळखायचा रंग देणारा फवारा) मारलं की नारिंगी ठिपका. प्रोटॉन एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन दाखवणारी चाचणी) ३.०७ पीपीएमचा अल्काइनचा एक प्रोटॉन जातो आणि २.६०ला अ‍ॅसिटोफिनोनच्या मिथाइलचा तीन प्रोटॉनचा सिंगलेट (एकच सरळ रेघ) येतो, एवढं बघितलं तरी पुरतं.

एक कळकळीची विनंती, नुसतं सिल्व्हर टाकून एक आणि नुसतं ट्रायफ्लिमिडिक अ‍ॅसिड टाकून एक अशा दोन रिअ‍ॅक्शन शेजारी लावाच, नाहीतर काम सोन्याने केलं की अ‍ॅसिडने हे कळणारच नाही आणि गाइडने विचारलं की उत्तर नसतं.

फ्लास्क आणि स्टिरर बार मिठाच्या पाण्याने धुतलेले नकोत, उरलेलं क्लोराइड सोन्याला परत बांधून टाकतं. आणि सोन्याचं जे काही उरेल, गाळणीचा सेलाइटसुद्धा, ते वेगळ्या बाटलीत लेबल लावून जमा करा, बेसिनमध्ये नाही.